खोडलेलं शिखर

बारा मार्चला देवरूखच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नलं तपासत होते. एका मुलीच्या आलेखावर रेषेत न बसणारा एक बिंदू खोडलेला होता, आणि खोडरबराच्या वासाने मला माझाच एमएस्सीचा आलेख आठवला. एका पल्सरमधून, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यातून, आणि त्याच्या जोडीदार ताऱ्यातून सुटणारे कणांचे वारे एकमेकांवर आदळतात, त्या धक्क्यातून क्ष-किरण निघतात. ते दोघांच्या एकमेकांभोवतीच्या एका फेरीत कसे कमी-जास्त होतात, हे मी उपग्रहाच्या निरीक्षणांवरून पेन्सिलीने मांडलं होतं. शिखरं दोन आली. एप्रिलचा उकाडा होता, खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. माझे प्रोजेक्टचे सर आलेख बघून हसले, "अगो, फेरी एक आणि शिखरं दोन? उंट काढलास काय? दुसरं खोड, मग सही करतो." पुण्याला पीएचडीच्या मुलाखतीसाठी ती सही हवीच होती. मी खोडलं. मुलाखतीत एका बाईंनी कागद उजेडात धरला. "अशा जोडीत दोन शिखरं दिसू शकतात. तुमचं दुसरं कुठे गेलं?" खोडल्याचा डाग मलाही दिसत होता. "आलंच नाही, मॅडम," मी म्हणाले. प्रवेश मिळाला नाही. सर पुढे बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "काय गो, जमलं नाय वाटतं?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. खोडायला सांगितलं त्यांनी, पण खोडलं मी आणि खोटंही मीच बोलले. तेव्हापासून मी इथे लंबकाचे प्रयोग घेते. तेरा मार्चला सकाळी त्या जर्नलवाल्या मुलीला टेबलाशी बोलावलं आणि खोडलेला बिंदू माझ्यासमोर पेनाने पुन्हा काढायला लावला.