अहो म्हणलं आणि पोरगी दिली

मी माझ्या नवऱ्याचं नाव आजवर एकदाच घेतलंय, आणि ते जर्मनीत घेतलं.

लग्नात बायका उखाण्यासाठी मागं लागल्या होत्या, तर मी पदर तोंडात कोंबून बसले. तवापासून आमचं ‘अहो’वरच भागतंय. मग चाकणच्या कंपनीनं ह्यांना ट्रेनिंगला धाडलं, तर मी नि आमची दीड वर्षाची परी पण संगं गेलो. निघताना सासूबाईंनी परीच्या पायात घुंगराचे वाळे घातले. “परमुलूख हाय. पोर कुठं गेलं ते कळलं पायजे.” विमानतळावर त्या वाळ्यांनी मशीन वाजवलं, तवा मी मनातल्या मनात सासूबाईंना काय काय बोलले (ते इथं लिहीत न्हाई).

तिथल्या साहेबांनी ह्यांना फुटबॉलच्या मॅचची तिकिटं दिली. दोन देशांची मॅच, भर दुपारची. पण धुकं असं, की लांबचं माणूस नुसतं सावलीवानी दिसायचं. आणि त्या धुक्यातनं माणसं यायला लागली, तोंडं माखलेली. काळा पट्टा, लाल पट्टा, पिवळा पट्टा. आपण लेकराच्या गालाला तीट लावतो, यांनी अख्खं थोबाडच भरून टाकलेलं. मी घाबरून मागं वळले, तर ह्यांनी पण रंगवून घेतलेलं!

“अहो, पुसा ते. पोरगी भिईल.”

“पोरगी हसतीय. भ्यालीयेस तू.”

गेटवर झडती होती. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मधी लोखंडी कठडा. झडतीवाली बाई मला हात वर कर म्हणून खुणावतीय, आणि माझ्या काखेत परी. पलीकडं ह्यांचं काळं जाकीट दिसलं, माखलेलं तोंड दिसलं. म्हणलं, “अहो, धरा हिला.” त्यानं गुमान दोन्ही हात पुढं केले. मी दिली.

आत गेले, तर हे समोर. दोन्ही हातांत कॉफीचे ग्लास.

“परी कुठंय?”

“तुमच्याकडं दिली की.”

“माझ्याकडं? मी कधीचा आत आलोय.”

ग्लास खाली पडले. आम्ही पळत सुटलो. प्रत्येक माणूस माझाच नवरा दिसत होता, आणि एकाच्या बी कडेवर पोर न्हाई.

जिना चढून वर आलो. हे डावीकडं पळाले, मी उजवीकडं, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. ढोल थांबला, गाणी थांबली. हजारो माणसं उभी राहिली, माना खाली. धुक्यात खेळाडू पण पुतळ्यासारखे. कुणी खोकंना सुद्धा. वाटलं, माझ्या पोरीचं काय झालं ते ह्या सगळ्यांना कळलंय, मलाच सांगायचं राहिलंय. (त्यांचा कुणी जुना खेळाडू वारला होता, त्याच्यासाठी उभे होते. हे नंतर कळलं. तवा कोण सांगणार?)

मग आवाज आला. छुम.

थांबला.

छुम छुम.

मी आवाजाकडं वळले. चार-पाच रांगा खाली एक माखलेला माणूस मान खाली घालून उभा, डोळ्यांतलं पाणी रंगातनं ओघळतंय. त्याच्या कडेवर परी, पाय हलवत, बोटानं त्याच्या गालावरचा लाल रंग काढतीय.

हे मात्र उलट्या बाजूला लांब चाललेले. “अहो,” म्हणलं. वळंनात. “अहो!” दहा माणसं वळली, हे न्हाई. मग माझ्या बेंबीच्या देठापासनं निघालं, “संतोऽऽष! घावली!”

अख्ख्या मैदानानं माना वर केल्या. खेळाडूंनी सुद्धा. त्या माणसानं परीला माझ्या हातात दिलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि परत मान खाली घातली.

संध्याकाळी सासूबाईंचा आमच्या दिघीच्या घरनं फोन. शेजारच्यांनी मोबाइलवर मॅच लावलेली.

“तूच वरडलीस ना? समद्या गल्लीनं आवाज वळखला.”

मी सगळं सांगितलं.

“म्हंजी वाळे कामाला आले.”

“व्हय.”

“मग ठीक हाय. पण काय गं, लग्नात एवढ्या बायांनी हातापाया पडून नाव घे म्हणलं, तवा तोंड उघडलं न्हाईस. आणि उघडलंस ते लोकाच्या मयतात?”