अब्बांच्या आवडीची भाजी

मी नगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. मनावरचं ओझं माणूस घरच्यांपाशी उतरवतो, असा आपला समज असतो. संशोधकांनी विचारून पाहिलं, तर ते पुष्कळदा भलत्याच कुणाला सांगितलेलं निघालं. शेजारी बसलेल्या प्रवाशाला, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाला. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. "मॅडम, मग घरच्यांचा उपयोग काय?" असं एकानं विचारलं होतं. मीही हसले होते.

अब्बा उन्हाळ्यात गेले. चाळीसाव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं, त्यावर फातिहा पढायची आणि मग ते पाहुण्यांना वाढायचं, ही आमच्याकडची रीत. अब्बांच्या आवडीचं काय, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. भरलं कारलं. अम्मी गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून दर शुक्रवारी ते मीच करत आले. लग्नानंतरही अब्बांच्या जवळ, केडगावातच राहिले, त्यामुळे डबा जात राहिला. अब्बा ताट पुसून खायचे.

चाळीसाव्याला त्यांची दाढी करणारे काका आले होते. सुप्याच्या कारखान्यातली नोकरी संपल्यापासून अब्बा रोज त्यांच्या दुकानात पेपर वाचत बसायचे. मी काकांना कारलं वाढलं. "घ्या ना, अब्बांच्या आवडीचं."

ते हसले. "चाचांच्या? अवो ताई, चाचा कारल्याला लई भ्यायचे. शुक्रवार आला की म्हनायचे, आज परीक्षा हाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. माझा चेहरा पाहून ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "तुमची आई गेल्यावर तुमी पयल्यांदा रांधलं ते ह्येच म्हनं. हात भाजला हुता तुमचा. पोरीला आता काय सांगायचं, म्हनायचे."

जवळच्या माणसाला सांगितलं की ते त्याला लागतं, म्हणून माणूस परक्याला सांगतो. हे मी वर्गात फळ्यावर लिहून देते.

चार दिवसांनी मी दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"काका, अब्बा अजून काय बोलायचे? आजारपणाचं काही? माझ्याबद्दल?"

"बोलायचे की. ह्या खुर्चीत मान आमच्या हातात. खोटं कोन बोलतंय?" ते वस्तरा पुसत राहिले. हसणं थांबलं होतं. "पर ताई, तुमाला सांगायचं असतं, तर तुमचं घर काय लांब हुतं?"

मी बाकावर बसून राहिले. अब्बा इथंच बसायचे.

"आवडायचं काय, एवढं तरी सांगा."

"मटकी. माझ्या डब्यातली."

या बुधवारी मी शुक्रवारसाठी मटकी भिजत घातली. अब्बांना ती तिखट लागायची की बेताची, हे मला ठाऊक नाही. विचारायला पुन्हा दुकानातच जावं लागेल.