ग्वादरला खणलेली विहीर

सोहारचं गोदाम बंद होणार हे मला तिथल्या माणसांच्या तीन आठवडे आधी कळलं होतं. आमची कंपनी ओमानमधल्या कारखान्यांना पंप आणि व्हॉल्व्ह पुरवते. मुख्य ऑफिस मस्कतजवळ रुसैलला आणि सोहारला एक गोदाम, तिथं पाच माणसं. ऑर्डरी आटत चालल्या होत्या, ते आम्हा सगळ्यांना दिसतच होतं. एके दिवशी अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सोहार खलास. माल जाने तक किसीको बोलना नहीं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

त्याच आठवड्यात सोहारच्या स्टोअरकीपरने मला घरी जेवायला बोलावलं. हा रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. अकरा वर्षं कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत चौघांबरोबर काढलेली. आता फॅमिली व्हिसाचं काम झालं होतं, बायको आणि दोन मुली येणार होत्या, म्हणून त्याने दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली होती. त्या दिवशी नव्या घराची फातिहा पढून झाली, मग त्याने स्वतः केलेली सांदणं आणि माशाचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर हात धरून मला सगळं घर दाखवलं. मुली कुठं झोपणार, खिडकीला कुठला पडदा लावणार, सगळं.

सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नव्या घरी, भरल्या ताटावर असलं काही बोलायचं म्हणजे शुभ कामात नाट लावणं. आपण मराठी माणसं हे फार जपतो, मग कुठल्याही धर्माचे असू. मी बौद्ध, शुभ-अशुभ मानत नाही असं चारचौघांत ठणकावून सांगतो. पण नाट लावायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा नाट लागू नये म्हणून मी त्याला कुठला फ्रिज चांगला याचा सल्ला दिला आणि सीबला घरी परत आलो.

शेवटचा माल हलवायचा दिवस ठरला आणि मी सोहारला निघालो. गाडी चालवायला चाचा होते. चाचा ओमानी, पण मूळचे बलुची; साठी उलटलेली, हिंदी माझ्याहून सफाईदार. त्यांचे वडील आदल्या वर्षीच सीबमध्ये वारले होते. सीब मागे पडल्यावर त्यांनी आपणहून वडिलांचा विषय काढला.

"मेरा बाप ग्वादर में अस्करी था, साब. पाँच आदमी का नायक."

अस्करी म्हणजे शिपाई. ग्वादर आज पाकिस्तानात आहे. १९५८पर्यंत ते ओमानच्या सुलतानाचं होतं, समुद्रापलीकडचं बंदर. वीस वर्षं या देशात काढूनही मला हे माहीत नव्हतं, याची थोडी लाजच वाटली. तिथं तुमचे वडील कुणाशी लढायचे, असं मी विचारलं. चाचा हसले. लढाई अशी नव्हतीच, म्हणाले. गावाच्या टोकाला एक चौकी होती, तिथं ही पाच माणसं. बंदुका त्यांच्या वयाहून जुन्या. काडतुसं मोजकी मिळायची, म्हणून नेम धरायचा सराव कुणी करत नसे. चौकीची भिंत एका बाजूने ढासळली होती. ती बांधून काढायला वरून काही येईना, तेव्हा खजुराच्या झावळ्यांच्या चटया उभ्या करून त्यावर चिखल लिंपला होता, लांबून भिंत दिसावी म्हणून. तांदूळ मस्कतहून गलबताने यायचा, तोही कधी महिनाभर उशिरा. तेवढा वेळ मासे आणि खजूर. झेंडा मात्र रोज सकाळी वेळेवर चढायचा.

त्या पाचांतल्या एकाचं नुकतंच लग्न झालेलं. त्याने आपल्या अंगणात विहीर खणायला घेतली. ग्वादरला गोड्या पाण्याची मारामार, बायकोला लांबून पाणी आणावं लागायचं. अशात गलबताच्या तांडेलाने चाचांच्या वडिलांच्या कानात सांगितलं, की गाव विकायला काढलंय, मस्कतमध्ये बोलणी चालू आहेत. वडील गप्प बसले. सांगितलं आणि माणसं बंदुका टाकून मासेमारीला गेली तर चौकी कोण राखणार? आणि बातमी खोटी निघाली तर? पण मन खात होतं. मग ते रोज संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन मातीच्या पाट्या वर ओढू लागले.

"फिर पानी लगा, साब. मीठा पानी."

त्याने ते गल्लीभर वाटलं. चौथ्या दिवशी झेंडा उतरला. ही पाचही माणसं बायकामुलांसकट मस्कतला आली. येताना गलबत त्याच तांडेलाचं होतं. नायकाला आधीपासून ठाऊक होतं, हे तांडेलाच्याच तोंडून त्या विहीरवाल्याला कळलं. पुढे दोघंही सीबला स्थायिक झाले, दोन गल्ल्यांच्या अंतराने. विहीरवाला सलाम करायचा, पण इतक्या वर्षांत त्याने चाचांच्या घरी कॉफी घेतली नाही.

"मयतीला तरी आला होता का?" मी विचारलं.

"आया. लकडी टेकके आया. सब के साथ बैठा." चाचांनी आरशात पाहिलं. "कॉफी नहीं पिया."

हे सगळं मला आजच का सांगताय, असं मी जरा चिडूनच विचारलं. "रास्ता लंबा है, साब," एवढंच ते म्हणाले. कंपनीतली कुठलीही गोष्ट ड्रायव्हरांपासून लपत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

गोदामात स्टोअरकीपर चहा सांगायला निघाला होता. मी त्याला आधी बस म्हटलं. दार लोटून घेतलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं : गोदाम बंद होतंय, तुम्हा पाचही जणांची नोकरी गेली, महिनाअखेरीला शेवट.

त्याने समोरचं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "कदी समाजला तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं. सकाळपर्यंत मी बोललोही असतो. "तुझ्याकडे जेवायला आलो त्याच्या आधी."

"तवा तुमी सगल्या खोल्या फिरून बगत होतास. मना वाटला, घर आवडला तुमाला."

"आवडलंच होतं."

त्याने मान हलवली. बायको-मुलींची येत्या बेस्तरवारची, म्हणजे गुरुवारची, तिकिटं होती. मी रद्द करून देतो, ट्रॅव्हलवाल्याशी मी बोलतो, असं मी घाईघाईने म्हणालो. काहीतरी करायला मिळालं याचं मला बरं वाटलं होतं.

"तिकिटांचा काय नाय, सायेब," तो म्हणाला. "पोरींचे दाखले काढले शालेतनं, गेल्या हप्त्यात. धाकटी लय रडली. तिला तिची बाई सोडायची नव्हती. मीच फोनवर वरडलो तिला."

गेल्या हप्त्यात, म्हणजे मला कळून दोन आठवडे झाले होते.