नाकवाल्या काकू आणि साहेबांचा सोफा

नाकवाल्या काकूंना वास येत नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका तापात त्यांचं नाक जे गेलं, ते परत आलंच नाही. हे फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. घरात दूध नासलं की नाही ते तोच हुंगून सांगायचा, पण बाहेर त्याने कुठे चकार शब्द काढला नव्हता. बाकी साऱ्या वस्तीच्या लेखी काकू म्हणजे नाक. कुत्र्यामांजरांनी सोफ्यावर, गादीवर, खुर्चीवर गाजवलेले पराक्रम धुऊन काढावेत ते त्यांनीच, आणि ‘इथे मुरलंय बघा’ असं बोट ठेवून सांगावं तेही त्यांनीच.

मग नाकाशिवाय हा धंदा चालला कसा? एक म्हणजे काकूंनी वीस वर्षं कारखान्यात सोफे शिवले होते. सोफ्याच्या पोटात कुठे फळी, कुठे पट्टे, कुठे फोम, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. दुसरी त्यांची जांभळ्या उजेडाची बॅटरी. खोलीत अंधार करून ती मारली की मुताचे वाळलेले डाग पिवळट चमकतात. आणि तिसरी त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा. काम संपलं की घरातल्या प्राण्याला सोफ्यापाशी मोकळं सोडायचं. हुंगून तो पुढे गेला तर काम पास. पाय वर केला तर काकू पुन्हा बाह्या सरसावणार. लोकांना वाटे, बाईंना स्वतःच्या कामाची केवढी खात्री! बाईंच्या हातात दुसरा इलाजच नव्हता, हे लोकांना कुठे माहीत होतं?

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या दोन बहिणींच्या घरी पोहोचल्या. मोठी शाळेतून निवृत्त झालेली, धाकटी अजून ग्रंथालयात नोकरीला. दोघी एकत्र राहत होत्या आणि तिसरे होते साहेब. साहेब म्हणजे तांबूस रंगाचा, पांढऱ्या मिशांचा, मोठीचा म्हातारा कुत्रा. दोन महिन्यांपूर्वी साहेबांना मूत्राशयाचं दुखणं झालं. औषधांनी दुखणं बरं झालं, पण तेवढ्यात सोफ्याची एक जागा साहेबांनी कायमची नेमून घेतली होती. डॉक्टर म्हणाले की जुना वास तिथे असेतो तो तिथेच करणार. धाकटीच्या नाकीनऊ आले होते. तिने सोफा साबणाने धुतला, फिनेलने पुसला, त्यावर अत्तर ओतलं, आणि साहेबांनी दर खेपेला रात्री सगळे झोपल्यावर नव्याने सही केली, ती नेमकी कुठे ते कुणाला दिसलंच नाही.

शेवटी धाकटीने निर्वाणीचं सांगितलं होतं. मामेभाऊ संध्याकाळी पाच वाजता गाडी घेऊन येणार होता. त्याच्या वाडीवर राखणीला कुत्रा हवाच होता. तोवर सोफा साफ झाला आणि साहेब नीट वागले तर राहतील, नाहीतर जातील. साहेबांचं ताट, पांघरूण आणि एक चावलेली चप्पल पिशवीत भरून दाराशी ठेवलेली होती.  मोठी नुसती त्या पिशवीकडे बघायची आणि नजर वळवायची.

काकूंनी पदर खोचला, पडदे ओढले आणि बॅटरी लावली. लावली मात्र, त्या बघतच राहिल्या. सोफा या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख चमकत होता. धाकटीने ओतलेल्या साबणातलं कपडे उजळवायचं रसायनही त्याच उजेडात चमकतं. आता त्यातला डाग कुठला आणि साबण कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

साहेबांना आत सोडून जागा शोधावी, तर धाकटीने त्यांना गॅलरीत बांधून दाराला कडी घातलेली. सोफा स्वच्छ झाल्याशिवाय ते पाऊल आत पडणार नाही, असा तिचा हुकूम होता. आणि ती ओढणीने नाकतोंड झाकून, हाताची घडी घालून समोरच उभी होती.

“तुम्ही वास घेऊन सांगा ना,” ती म्हणाली. “तुमचं नाव ऐकूनच बोलावलंय.”

काकू वाकल्या. त्यांनी डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला, दोन जागी थबकल्या, मान डोलावली आणि मोठ्या रुबाबात सोफ्याच्या डाव्या हातावर बोट ठेवलं. इथेच.

“तो हात परवाच नवा बसवून आणलाय,” धाकटी म्हणाली.

काकूंनी बोट मागे घेतलं. गॅलरीतून साहेबांनी कण्हल्यासारखा आवाज काढला. काकूंच्या मनात आलं, सांगावं की सर्दी झालीय, पिशवी उचलावी आणि निघून जावं. नाव शाबूत राहील. पण दाराशी ती दुसरी पिशवी होती, तिच्यातून चप्पल डोकावत होती. त्यांनी बॅटरी खाली ठेवली.

“ताई, मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं झाली. तुम्हाला फसवायचं नव्हतं, पण फसवलंच.”

बोलून टाकलं आणि काय आश्चर्य, त्यांना एकदम हलकं वाटलं. कानशिलं तापली होती, तरी अंगात दहा हत्तींचं बळ आल्यासारखं झालं. धाकटीने हाताची घडी सोडली. तिला राग यायच्या आत काकूंनी विचारलं, “तुम्हाला येतो ना? किती येतो?”

किती येतो! मोठी त्या सकाळी पहिल्यांदाच हसली. तिने सांगितलं की हिच्या नाकापायी शेजारच्या घरात कांदा सडल्याचं शेजाऱ्यांच्या आधी हिला कळतं, बसमध्ये ही तीनदा जागा बदलते, आणि लहानपणापासून सगळे हिला ‘नाकाडी’ म्हणून चिडवतात.

“मग बसा खाली,” काकू म्हणाल्या. “आज तुमचं नाक आणि माझे हात.”

धाकटी आधी काचकूच करत गुडघ्यावर बसली. पहिला श्वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या श्वासाला तिच्या कपाळावर आठी उमटली, ती घाणीची नव्हती, शोधाची होती. इथे फिनेल. इथे अत्तर. इथे माझंच सांडलेलं तेल. ओढणी कधी गळून पडली ते तिला कळलंही नाही. ती बैठकीवरून पाठीकडे सरकली, सोफ्याला वळसा घालून मागे गेली, जमिनीवर चक्क पालथी पडली आणि ओरडली, “इथे! खाली, कोपऱ्यात!”

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. बैठक मागे उतरती असते, तसे हजार सोफे त्यांनीच शिवले होते. पुढे सांडलं तरी ओघळ जायचा मागे. तिघींनी मिळून सोफा आडवा केला, खालच्या काळ्या कापडाच्या पिना उपसल्या, आणि आतल्या पट्ट्यांवर तो पसरलेला पिवळा नकाशा सापडला. काकूंना गुप्त खजिना सापडल्याचा आनंद झाला. इतका की त्यांनी धाकटीच्या पाठीवर थापच मारली.

मग कामाला जी गती आली! आधी साध्या पाण्याने साबण आणि फिनेल धुऊन काढायचं, कारण वास खाणारं औषध त्यात मरतं. यंत्राने ते पाणी ओढून घ्यायचं. मग औषध फोमच्या गाभ्यापर्यंत जिरवायचं, वर प्लास्टिक घालायचं आणि चार तास हात लावायचा नाही. पण धाकटीला कुठला धीर? ती दर अर्ध्या तासाला प्लास्टिक उचलून नाक घालायची आणि काकू विचारायच्या, आता कसा?

“आंबट.”

“आता?”

“कमी झालाय. पण आहे.”

चार वाजता औषध ओढून काढलं, सोफा सरळ करून पंखे लावले. धाकटी पुन्हा पालथी पडली आणि बराच वेळ उठलीच नाही. मोठीने घाबरून हाक मारली.

“ओलं कापड,” धाकटी सोफ्याखालूनच म्हणाली. “काकू, नुसतं ओलं कापड. फरशी पुसायच्या आधी फडकं पिळून ठेवतो ना, तसं स्वच्छ.”

काकूंनी डोळे मिटले. तीन वर्षांत कुणी त्यांना वास असा सांगितला नव्हता. त्यांना तो जवळजवळ आला.

पाचला मामेभाऊ आला, पिशवी उचलूनच उभा राहिला. गॅलरीची कडी निघाली. साहेब आत आले, कुणाकडे न बघता सरळ सोफ्यामागे गेले आणि कोपरा हुंगू लागले. एकदा, दोनदा. मग स्वतःभोवती गिरकी घेतली. मोठीने धाकटीचा दंड घट्ट धरला. साहेबांनी आणखी एक गिरकी घेतली, कोपरा पुन्हा हुंगला, आणि तिथे आपल्या ओळखीचं काहीच नाही असं पाहून शिंकले. मग येऊन धाकटीच्या पावलांवर हनुवटी टेकून आडवे झाले.

मोठी रडायलाच लागली. मामेभाऊ पिशवी हातात धरून विचारत होता की न्यायचं काय, पण त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. शेवटी धाकटीनेच त्याच्या हातातून पिशवी घेतली, चप्पल काढून साहेबांपुढे टाकली आणि काकूंकडे वळली. तिचे केस विस्कटले होते, नाकाच्या शेंड्याला धूळ लागली होती आणि गाल लाल झाले होते.

“उद्या मला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “तुमचं काम कुणाकडे आहे?”