सहा नंबरचा पिवळा प्लॉट

"सहा नंबरच्या प्लॉटला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही!"

कृषी महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात मला मिळालेलं हे ज्ञान. देणारे आमचे मगदूम सर. मी तरीही विचारलं, "का सर?"

"आत्ता सांगितलं ना, विचारायचं नाही!"

तुम्हीच सांगा, अशानं माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? आणि माझं फिरलं की काय होतं, तेच सांगायला बसलेय. खुशाल हसा, फक्त हातातला चहा सांभाळा.

आमचं कॉलेज राधानगरीच्या बाजूला. एक इमारत, दोन हॉस्टेलं आणि भोवती भातच भात. त्यातच सरांचे सहा प्लॉट. पाच हिरवेगार. आणि सहावा? कावीळ झाल्यासारखा! पिवळा, खुरटा, हॉस्टेलला जाता-येता माझ्याकडं केविलवाणं बघणारा. मी बिद्रीजवळच्या शेतकऱ्याची पोरगी. घरच्या रानात जायचं म्हटलं की माझं डोकं दुखतं, ती गोष्ट वेगळी. पण पिवळं भात मला बघवत नाही!

शेवटी शेतावरच्या मुकादमांना, तुकामामांना गाठलं. "मामा, ह्या भाताला कुणी वाली हाय का न्हाय?"

"सायबांचा हुकूम हाय. त्याला कायबी घालायचं न्हाय."

"पण का?"

"तुझं लई का, का! का इचारून माझी नोकरी घालीवतीस व्हय?"

म्हणजे बघा, कुणालाच माहीत नाही! मी मनाशी निदान करून टाकलं. खत घालायला सगळे विसरलेत आणि चूक कबूल करायला एकही तयार नाही. मोठी माणसं अशीच असतात!

एका दुपारी मामा भाकरी खायला गेले. गोदाम उघडंच. मी ओढणी कमरेला खोचली, घमेलंभर युरिया घेतला आणि सहा नंबरमध्ये मूठ मूठ फेकला. काय ते समाधान! अन्नदान केल्यासारखं वाटत होतं हो.

दहा दिवसांत प्लॉट असा गर्द हिरवा, काळाभोर झाला, की बाकीचे पाच त्याच्यापुढं आजारी दिसायला लागले. मी रोज बांधावरनं बाळंतिणीच्या कौतुकानं बघून यायची.

आणि अकराव्या दिवशी वर्गात सर म्हणाले, "प्रयोगात एक प्लॉट मुद्दाम उपाशी ठेवतात. त्याला कंट्रोल म्हणतात. तो उपाशी, म्हणून तर बाकीच्यांना दिलेल्या खताचा गुण कळतो. आपला सहा नंबर तसाच!"

 अरे, मग हे पहिल्या आठवड्यात सांगायला काय झालं होतं?

वर्ग संपल्यावर सर आम्हाला घेऊन बांधावर गेले. सहा नंबर बघितला आणि चष्मा काढून पुसला. परत बघितला.

"तुकाराम, ह्यात युरिया पडलाय?"

"आईची आन सायेब! म्या एक दाणा टाकला न्हाय!"

मामा खरंच बोलत होते. मी तोंड उघडलं, "सर, ते मी…"

"मध्ये बोलू नको! तुकाराम, ह्याचा अर्थ कळतो का? ह्या मातीतच काहीतरी आहे!"

झालं! माती पिशवीत भरली गेली. प्राचार्य धावत आले आणि त्यांनी तिथल्या तिथं शेतकरी मेळावा जाहीर केला. मी दोनदा केबिनपर्यंत गेले. पहिल्यांदा "मीटिंग चालू आहे", दुसऱ्यांदा "मेळाव्यानंतर ये". तिसऱ्यांदा जायची माझीच हिंमत झाली नाही.

मेळाव्याला पाच-सहा गावची माणसं आली. त्यात माझे वडील, आमचे आबा! प्राचार्यांनी माइक हातात घेतला. "पावणं, ह्या भाताला चमचाभरसुद्धा खत नाही! सगळी मातीची किमया!"

आबा तिथंच उठून उभे. "बास की मग! आमचीबी माती हीच. पुढल्या साली आमच्या रानात युरिया बंद!"

"आमच्याबी!" आजूबाजूच्या दहा-बारा जणांनी माना डोलावल्या.

माझ्या डोळ्यांपुढं आमचं अख्खं रान पिवळं पडलं. त्या दहा-बारा जणांचंही! मी ताडकन उठले, स्टेजवर गेले आणि माइक ओढून घेतला.

"युरिया मी टाकलाय! घमेलंभर!"

प्राचार्य कानाशी आले. "बाळ, गंमत केली म्हण आणि खाली बस. पावणं गेल्यावर बघू."

मगदूम सर लालबुंद. "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"सांगितलंत! का, ते नाही सांगितलंत! माझी चूक झाली, हजारदा झाली. पण गंमत केली असं मी म्हणणार नाही. ही माणसं घरी जाऊन खत बंद करतील आणि वर्षाचं भात घालवतील. मी खाली बसणार नाही!"

प्राचार्य गप्प. सर गप्प. अख्खा मांडव गप्प! एवढी मोठी माणसं माझ्यापुढं एकदम गप्प झालेली आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मान अशी ताठ झाली म्हणता माझी!

आणि नेमका त्या शांततेत आबांचा आवाज आला. माइकशिवाय, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

"घरच्या रानात मूठभर युरिया टाक म्हटलं की हिचं डोकं दुखतंय! आणि हितं घमेलंभर व्हय?"