गिटारवाला बदलला

जुन्या कॅसेटच्या डबीचा वास आला, की मला ऐंशीच्या दशकातली दिलीपची प्रताप नगरची खोली आठवते. आमच्या कॉलेजच्या बँडचा तो गिटारवाला, आणि त्याला भिलाईला नोकरी लागली होती.

"मग बँडच मोडू," मी म्हणालो.

त्याने आमच्या लाडक्या जर्मन रॉक बँडची कॅसेट लावली. "आयक गा. या लोकायचे तीन गिटारवाले सोडून गेले. बंद केला काय त्यायनं? कामठीच्या सलीमले घे."

मला तो निष्ठुर वाटला. तो जर्मन बँड अजूनही दर काही वर्षांनी थाटात निरोपाचा दौरा काढतो आणि निरोप काही घेत नाही. आमचा बँडही लग्नांच्या स्वागत समारंभांत बरीच वर्षे टिकला.

दिलीप गेल्यावर सलीम पहिल्यांदा तालमीला आला, तेव्हा त्याच्या खांद्याला दिलीपचीच गिटार होती.