साडेचार शहरं आणि दारावरची पाटी

शनिवारी सकाळी साडेसहाला केदारने आमच्या गल्लीत दोनदा हॉर्न वाजवला. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन उपनगरात शनिवारी सकाळी हॉर्न वाजवणं म्हणजे देवळात शिट्टी मारण्यातला प्रकार. समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. मी सॅक उचलली, दार ओढलं आणि तीन मजले धावत उतरलो. दाराच्या बाहेरच्या बाजूला काय लटकतंय, तिकडे मी पाहिलंही नाही. पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

फिंग्स्टेन या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती, म्हणजे शनिवार, रविवार आणि जोडून सोमवार. विद्यार्थ्याने अशा सुट्टीत अभ्यास करावा असं माझ्या प्राध्यापकांचं मत होतं. केदारचं मत वेगळं होतं. केदार माझा कॉलेजातला सीनियर, आता झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनचं वेळापत्रक आखतो. किती मिनिटांनी गाडी पुढे सरकली पाहिजे, हे ठरवायचा त्याला पगार मिळतो. हीच विद्या त्याने युरोपवर चालवली होती. स्ट्रासबर्ग पन्नास मिनिटं, पॅरिस अर्धा दिवस, ब्रुसेल्स दीड तास, अ‍ॅमस्टरडॅम एक संध्याकाळ, कोलोन चाळीस मिनिटं. हा तक्ता छापून, वर प्लास्टिक चढवून त्याने डॅशबोर्डवर चिकटवला होता.

"लाइन थांबली नाही पाहिजे," तो म्हणाला. संपूर्ण प्रवासात हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं, ते विचारू नका.

मागच्या सीटवर त्याची बायको मंजिरीवहिनी, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि मी. अशी सहल करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: चटणी न्या. जर्मनीतले हमरस्ते फुकट आहेत, फ्रान्समध्ये टोलनाक्यांवर खिसा हलका होतो आणि हायवेवरचं सँडविच इतकं महाग आणि थंडगार असतं की चटणीशिवाय ते घशाखाली उतरत नाही.

"काका-काकूंच्या व्हिसाचं कुठवर आलं?" वहिनींनी विचारलं.

तोच तर माझ्या जिवाला घोर होता. आईबाबा जूनमध्ये चार आठवड्यांसाठी यायचे होते. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. बाकी सगळे कागद तयार होते. फक्त घरमालकीण फ्राऊ केमलर यांच्या सहीचं एक पत्र हवं होतं, की हे दोघं माझ्या खोलीत राहिले तर त्यांची हरकत नाही. ते पत्र सुट्टीनंतरच्या आठवड्यात पुण्याला निघालं नाही, तर मुंबईतली व्हिसाची तारीख हुकणार होती. मी तीनदा विचारलं होतं. फ्राऊ केमलर चष्म्यावरून बघत तिन्ही वेळा म्हणाल्या होत्या, "आल्झो, बरं, फिंग्स्टेननंतर बघू."

स्ट्रासबर्ग सुंदर आहे असं म्हणतात. आम्ही ते एकोणपन्नास मिनिटं पाहिलं, त्यातली वीस पार्किंग शोधण्यात गेली. वाचलेलं एक मिनिट केदारने पॅरिसच्या खात्यात टाकलं.

पॅरिसला दुपारी पोहोचलो. शहराबाहेर, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ स्वस्त हॉटेल घ्या आणि गाडी तिथेच सोडून द्या, हा दुसरा सल्ला. आयफेल टॉवरच्या रांगेला दोन तास होते आणि तक्त्यात पाऊण. मग टॉवर खालूनच पाहिला. केदारने टॉवर चिमटीत धरल्याचा फोटो काढून घेतला. आजूबाजूला निदान चाळीस माणसं तोच टॉवर चिमटीत धरून उभी होती.

संध्याकाळी मोंमार्त्रच्या टेकडीवर, त्या पांढऱ्या चर्चसमोरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दशम्या काढल्या. समोर सगळं पॅरिस उन्हात पसरलेलं. कोणीतरी गिटार वाजवत होतं. इतक्यात हिरव्या गणवेशातला एक माणूस लांब दांड्याचा झाडू घेऊन आला आणि एकेक पायरी झाडू लागला. माझा घास हातातच राहिला.

"माझ्या दारावर पाटी आहे," मी म्हणालो.

"कसली पाटी?" वहिनींनी विचारलं.

केअरवोखंची पाटी. श्टुटगार्टकडच्या लोकांचा हा कुळधर्म. इमारतीत प्रत्येक भाडेकरूवर आळीपाळीने आठवडा येतो. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना, व्हरांडा आणि दारापुढचा रस्ता झाडायचा, पुसायचा आणि शनिवारपर्यंत सगळं लखलखीत करून पाटी शेजारच्या दारावर लटकवायची. माझ्या दारावर ती सोमवारपासून होती. मंगळवारी म्हटलं बुधवारी करू, शुक्रवारी म्हटलं शनिवारी सकाळी करू, आणि शनिवारी सकाळी हॉर्न वाजला.

"सोमवारी जाऊन झाड की," केदार म्हणाला. "जिना काय पळून जातोय?"

"अहो, त्या बाईंच्या हातात त्याच्या आईबाबांचा व्हिसा आहे," वहिनी म्हणाल्या. "फोन कर रे तू. माफी माग आणि मोकळा हो."

मी फोनकार्ड विकत घेतलं, बूथ शोधला आणि नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. कोणी उचलला नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

त्यानंतर मला युरोप दिसलाच नाही. दिसले ते जिने. ब्रुसेल्समध्ये तो जगप्रसिद्ध शू करणारा पुतळा पाहिला. तो आपल्या घरातल्या पाण्याच्या तांब्यापेक्षा थोडाच मोठा आहे. "हाच का?" असं वहिनींनी विचारलं, आणि शेजारच्या जपानी कुटुंबाच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता. मी मात्र मागच्या घराच्या पायऱ्या बघत होतो. कोपऱ्यात चिप्सची पाकिटं. इथे कुणाच्या दारावर पाटी नसावी. अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉस्टेलचा जिना शिडीसारखा उभा, सॅक पाठीवर घेऊन चढताना नाक वरच्या पायरीला लागतं. लागलं तेव्हा लक्षात आलं, पायरी पुसलेली होती. कालव्यात बोटी जात होत्या, पुलांवर सायकली होत्या, आणि मी गादीवर पडून मनातल्या मनात जर्मन माफीपत्र जुळवत होतो.

सोमवारी सकाळी मी कोलोन वगळायचं सुचवलं.

"तक्त्यात आहे ते," केदार म्हणाला. "चर्चच्या मनोऱ्यावर पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. लाइन थांबत नाही."

"लाइन गेली खड्ड्यात," वहिनी म्हणाल्या. "त्याची आई आयुष्यात पहिल्यांदा लेकाचं घर बघायला येतेय. गाडी सरळ घराकडे घ्या, आणि तो तक्ता माझ्याकडे द्या."

केदारने तक्ता दिला. कोलोनच्या चर्चचे दोन सुळके हमरस्त्यावरून लांब दिसले, तेवढंच कोलोन. म्हणून साडेचार शहरं.

साडेतीनला घरी पोहोचलो. जिन्यात कुणाच्या बुटांचा चिखल वाळला होता आणि एक चॉकलेटचा कागद पडला होता. पाटी माझ्याच दारावर होती. मी सॅक टाकली, बादली भरली आणि वरून सुरुवात केली. अर्ध्यावर आलो तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं. फ्राऊ केमलर ठेवणीतल्या कपड्यांत उभ्या होत्या. आतून कॉफीचा वास आणि पाहुण्यांचे आवाज.

"हेर पाटणकर, हे काय चाललंय?"

"केअरवोखं," मी म्हणालो. "उशीर झाला, पण लगेच संपवतो."

"आज सुट्टी आहे." त्यांचा आवाज हळू होता, त्यानेच जास्त भीती वाटली. "सणाच्या दिवशी बादल्या वाजवत नाहीत. शनिवारी घाण जिना, आणि सोमवारी हे?"

"मग उरलेल्या पायऱ्या?"

"उद्या."

शनिवारी काम न करणं हा एक गुन्हा होता. सोमवारी करून मी दुसरा केला होता. थोड्या वेळाने त्यांचे पाहुणे निघाले. सगळ्यांनी मान वर करून तो जिना पाहिला. वरचा अर्धा चकचकीत, खालचा अर्धा चिखलाचा. मी वरच्या कठड्याआडून बघत होतो. आईला काय सांगायचं, या विचाराने मला रडू यायचं बाकी होतं.

मंगळवारी सकाळी सातच्या ठोक्याला मी खाली उतरलो. दांड्याच्या पोछ्याने चिखल निघेना, तेव्हा फडकं घेतलं आणि उकिडवा बसून एकेक पायरी पुसत उतरलो. शेवटच्या पायरीशी आलो तर समोर फ्राऊ केमलरच्या सपाता.

"असं बसून का पुसता?"

"आमच्याकडे असंच पुसतात. आईने शिकवलं."

त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं.

"कोपरे," त्या म्हणाल्या. "या घरात कोपरे कोणी पुसत नाही. गेनाऊ, अगदी असंच पाहिजे."

त्या आत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. सही झालेली होती, तारीख मात्र गेल्या शुक्रवारची, म्हणजे आम्ही निघायच्या आदल्या दिवसाची. सहीखाली पेनने एक ओळ ताजी लिहिलेली होती: चार आठवडे राहणारी माणसं पाहुणे नसतात, जूनमधल्या एका आठवड्याची केअरवोखं हेर आणि फ्राऊ पाटणकर या दोघांच्या नावावर.

कागद पोस्टात टाकला आणि आईला फोन लावला.

"युरोप पाहिलास म्हणे," आई म्हणाली. "काय काय पाहिलंस?"

"जिने," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. त्या ओळीसकट.

"म्हणजे व्हिसा काढून, विमानात बसून मी तिकडे जिना पुसायला येऊ?"

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. आई नाही म्हणाली तर सगळंच फिसकटणार होतं.

"तिकडे फडकी चांगली मिळतात का?" तिने विचारलं. "नाहीतर मी जुन्या धोतराची आणते. आणि अहो, ऐकलंत का? पाळी दोघांच्या नावावर आहे."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग मागून बाबा म्हणाले, "पायऱ्या किती आहेत, विचार त्याला."

"बावन्न," मी म्हणालो.